डोमामामानं पुसलेली माशी

डोमामामा गेला त्याले आता दोन महिने होतीन. अजून लोक भेटाले येतात, बसतात अन् म्हणतात, लय साफ माणूस होता. होताच साफ. पण मामाचं सांगाचं म्हटलं तर ते माशीचंही सांगा लागते. ते सोडलं तर अर्धाच मामा सांगतल्यासारखं होते.

मामा मूळचा मारेगावाकडचा. घरी कपाशी, तूर, एक बैलजोडी. वावर मोठ्या भावानं पाह्यलं अन् मामा यवतमाळले कॉलेजात लागला, किडेमकोडे, साप, बेडकं शिकवतात त्या लॅबमधी. लोहाऱ्याले खोली करून राह्यला तो तिथंच राह्यला. खांद्यावर दुपट्टा अन् हातात फडकं, असा त्याचा अवतार. बरणीतला साप पाहाले पोट्टे यायच्या आधी बरणी पुसून चकचकीत पाह्यजे. पोळ्याले गावी गेला का बैलाचे कान आतून पुसे. बैलही बिचारा उभा राहे. मामी म्हणे, "ह्या माणसाले उद्या तिरडीवर ठेवलं तरी उठून पह्यले बांबू पुसन."

त्या लॅबमधी दिपाली मॅडम होत्या. त्यायचा अभ्यास माश्यायचा. मामाले सुरवातीले हासूच आलं. म्हणे, "मॅडम, माशी मारा लागते, तिचा अभ्यास कायले?"

मॅडमनं त्याले एक माशी दाखवली. लोहाऱ्याच्या पलीकडे मुरमाची टेकडी आहे, तिथं आदल्या वर्षी भादव्यात उघाड पडली तवा धरलेली. अंगावर भुरे केस, गुबगुबीत, समोर सुईवानी लांब सोंड. जिती असली का हवेत एका जागी टांगल्यासारखी राह्यते, अन् पाहता पाहता गायब.

"हे तं मधमाशीचं पोट्टं होय," मामा म्हणे.

"नाही काका. मधमाशीला चार पंख असतात. हिचे मोजा."

मामानं चष्मा पुसला, मंग मोजले. दोनच.

"म्हणजे सोंग घेतलं हिनं मधमाशीचं?"

"सोंगच म्हणा. ही माशीच आहे. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या मधमाश्या असतात ना, त्यांच्या बिळाशी ही आपली अंडी टाकून जाते. हिची पिल्लं त्यांच्या पिल्लांवर जगतात."

"म्हणजे कोकिळेची मावशीच म्हणा," मामा म्हणे, अन् त्या दिवसापासून त्या डब्याले तो मावशीचा डबाच म्हणे.

त्या डब्यात दोन माश्या टाचणीवर लावून होत्या, एक नर अन् एक मादी. मॅडमनं सगळे पुस्तकं पाह्यले. पंखावरच्या शिरा पाह्यल्या, सोंड मोजली, केसायचा रंग जुळवला. कोणाशीच पुरतं जमे ना. घराणं कळलं, पण त्या घराण्यातली नेमकी कोण हे कळे ना. मॅडमले वाटे का ही जात अजून कोणी लिहून ठेवलीच नाही. पण एकट्यानं तसं म्हणून चालत नाही. म्हणून पुण्याचे एक सर पाहाले येणार होते, पोळा झाल्यावर.

आता आपल्याकडचा पावसाळा सगळ्यायले माहीत आहे. जोड्याले बुरशी, पट्ट्याले बुरशी, लोणच्याच्या झाकणाले बुरशी. अन् पाहुणा येणार म्हटल्यावर मामाचे हात कसे थांबतीन? सर यायच्या आदल्या दिवशी त्यानं सगळी खोली पुसली. कपाटं पुसले, डब्याच्या काचा पुसल्या. मावशीच्या डब्याची काच पुसता पुसता त्याले दिसलं, का नराच्या बुडाशी पांढरं चकचकते. मादीले तसं काहीच नाही. मामानं मनाशी हिशोब लावला. दोघी एका जातीच्या, एका डब्यातल्या. एकीले आहे अन् एकीले नाही, म्हणजे बुरशीच चढली.

त्यानं डबा खोलला. स्पिरिटमधी मऊ ब्रश बुडवला, अन् पोराचं नाक पुसावं इतक्या हलक्या हातानं ते पांढरं पुसून काढलं. पाठीवरचे केसही थोडे चिकटल्यासारखे वाटले, तेही सारखे केले. माशीचं बूड काळं कुळकुळीत निघालं. मामा खूश. बेबीताईले हाकही मारणार होता पाहाले, पण ती फाटकाशी गेलती.

ही बेबीताई म्हणजे त्याच लॅबमधी कामाले. कपाटायच्या चाब्या तिच्यापाशी, डांबरगोळ्या टाकाचं काम तिचं. सकाळी आली का "जयभीम, डोमाजीभाऊ" म्हणे, अन् मामाच्या डब्यातलं लोणचं हक्कानं काढून घे.

दुसऱ्या दिवशी पुण्याचे सर आले. मामा चहाचा ट्रे घेऊन आत आला तवा ते भिंगातून पाहून राह्यलते. बरंच पाह्यलं. मंग म्हणे, "दिपाली, तुम्ही फोनवर म्हणालात नराच्या शेवटाला चांदीसारखे खवले आहेत. इथं तर काहीच नाही."

मॅडमनं पाह्यलं. त्यायचा चेहरा उतरला. "होते सर. मी स्वतः पाहिले होते. हेच तर वेगळं होतं."

"ह्या माशीचे खवले फुलपाखराच्या पंखासारखे असतात, जराशात निघतात. ओल लागली असेल, नाहीतर गोळ्या नसतील तर बारीक किडे खातात. अंदाजानं जात ठरवता येत नाही. मादीवरून तर मुळीच नाही, जवळच्या जातींच्या माद्या सारख्याच दिसतात. धड नर मिळाला तर बोलू."

मामाले तवा कळलं. बुरशी नव्हती ते. ती माशीची ओळख होती, अन् त्यानं ती ब्रशनं पुसून काढलती. तोंड उघडलं, पण त्याच वेळी विभागाच्या मोठ्या सरानं बेबीताईले हाक मारली.

"गोळ्या टाकल्या होत्या का?"

"टाकल्या होत्या सर."

"कधी?"

बेबीताई गडबडली. "पोळ्याच्या आधी... टाकल्या असतीन. नाही, टाकल्याच."

"असतीन म्हणजे काय? डब्यात तर एक गोळी दिसत नाही."

गोळी मामानंच बाहेर काढून ठेवलती, डबा पुसताना, अन् परत टाकाची राहून गेलती. हे सांगाले एक शब्द पुरला असता. मामानं चहा टेबलावर ठेवला अन् बाहेर आला.

मामीले त्यानं मंग सांगतलं, का त्या दिवशी पाय आपोआप बाहेर आले. पायायले काय दोष द्यावा. जीभ तं त्याचीच होती.

बेबीताईच्या चाब्या गेल्या. तिले बाहेरच्या कामाले लावलं, आवार झाडाले. मॅट्रिक झालेली बाई, भिंग कोणतं कोणत्या कामाचं हे तिले पाठ. पह्यल्या दिवशी झाडू हातात घेऊन ती जराशी उभी राह्यली, अन् मंग कोणाकडेच न पाहता झाडाले लागली. मामानं खिडकीतून पाह्यलं अन् खिडकी लावून घेतली. मोठ्या सराच्या जिभेवर तिच्यासाठी झाडूच काहून आला, हे मामाले बरोबर कळत होतं. जात पाहून काम देतात हे गावात पाह्यलेला माणूस होता तो, न कळाले काय झालं. कळून गप राह्यला, हेच त्याले जास्त खाये.

जेवाच्या सुट्टीत बेबीताई येऊन बसे, पण लोणच्याले हात लावे ना. एक दिवस म्हणे, "डोमाजीभाऊ, माह्या डोक्याले काही झालं का हो? मले गोळ्या टाकल्याचं साफ दिसते डोळ्यासमोर. वास येते हाताले. अन् मंग डब्यात नाही म्हणतात."

मामा म्हणे, "होते असं. वयानं होते."

हे बोलला तो! स्वतः बोलला. मामीजवळ हे सांगताना दुपट्ट्यात तोंड खुपसून बसला होता.

मंग बेबीताई कुलूप लावून परत परत ओढून पाहाले लागली. घरी गॅस बंद केला का नाही ते शेजारणीले फोन करून विचारे. दिवाळीच्या तोंडावर सांगे का सून आता लेकरू तिच्या एकटीपाशी ठेवत नाही, "आई, तुमी विसरता" म्हणते. अन् कोणी डॉक्टर सांगा म्हणे, डोक्याचा.

तवा मामाच्यानं राह्यवलं नाही. नळापाशी ती झाडू धूत होती. मामा जवळ गेला अन् म्हणे, "बेबीताई, तुमचं डोकं ठीक आहे. गोळी म्या काढलती. माशीही म्याच पुसली. मले बुरशी वाटली."

तिनं झाडू खाली ठेवला.

"म्हणजे म्या टाकल्या होत्या?"

"टाकल्या होत्या."

"माह्यं डोकं ठीक आहे?"

"हो."

ती तिथंच नळाच्या ओट्यावर बसली अन् रडाले लागली, हासतही होती. मामाले वाटलं, चला, माफ केलं. पण तिनं पदरानं डोळे पुसले अन् उठली.

"वयानं होते म्हटलं तुमी मले."

मामानं नळ बंद केला.

"माहा नातू मले धरू देत नाहीत घरी. अन् तुमी समोर बसून भाकर खात होते, डोमाजी." भाऊ गळून पडलं ते तिथंच. "माफीबिफी मले सांगू नोका. चाला, जिथं माह्यं नाव घेतलं तिथंच सांगा, त्याच सगळ्यायसमोर."

मामा गेला. मोठे सर, दिपाली मॅडम, पोट्टेपोट्ट्या, सगळ्यायसमोर सांगतलं. मांगच्यायले आयकू गेलं नाही म्हणून दोनदा सांगा लागलं. मोठे सर काहीबाही बोलले. मॅडम रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. त्या म्हणे, "काका, बुरशी वाटली ते मी समजू शकते. पण त्याच दिवशी बोलले असते तर आपण टेकडीवर गेलो असतो. महिनाभर तरी त्या उडत होत्या. आता हंगाम गेला. आता पुढच्या भादव्यात."

बेबीताईले चाब्या परत भेटल्या. मामा त्या खोलीच्या दारात आला का ती म्हणे, "तिथंच थांबा. काय पाह्यजे ते सांगा, मी आणून देते." मामा दाराबाहेर थांबे. मामी म्हणे, "एवढं काय मेलं, एका माशीपायी?" तवा मामा म्हणे, "माशीपायी नाही ओ."

पुढच्या भादव्याची तो वाट पाहत होता. जाळी कशी टाकाची ते मॅडमले विचारून घेतलं होतं. पण आखाडातच त्याले छातीत दुखलं अन् दवाखान्यात नेता नेता गेला. माशीचं नाव अजून लागलं नाही. डब्यात घराण्याचं नाव लिहून आहे, पुढची जागा कोरी आहे.

मयतीले बेबीताई आलती. बायायमधी बसली. कोणी तरी म्हणे, "लय खरा माणूस होता हो."

बेबीताई म्हणे, "खरा होता. पण उशिरानं."

मामीनं एवढं आयकलं अन् मान हालवली, हो म्हटल्यासारखी. मंग शेजारच्या घरून आलेला चहा तिनं पह्यले बेबीताईच्या हातात दिला.