मुकादमाला लावलेलं मलम

पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात हात कापणं म्हणजे रोजचं मरण. दिवसाकाठी सात-आठ माणसं तरी बोट मुठीत धरून, दातओठ खात मलमपट्टीच्या खोलीत यायची. तिथली बाई चष्मा कपाळावर सारून म्हणायची, "दाखव. परकी आहे का मी, लाजतोस कशाला?" जखम धुवायची, कापसानं टिपायची, दोन लांब फुंकरा घालायची आणि तिसऱ्या फुंकरीत, माणसाला कळायच्या आत, मलम लावून मोकळी. म्हणून ती फुंकरमावशी. खरं नाव फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक.

तिच्या कपाटात मलमं दोन. एक साधं, जखम चिघळू न देणारं. दुसऱ्यात त्याच औषधाबरोबर चामडी बधिर करणारंही काहीतरी असायचं. मावशीचा जीव या दुसऱ्यावर. रेड्यासारखी माणसं आई गं म्हणून रडायला लागली की ती म्हणायची, "थांब रे बाबा, न झोंबणारं लावते." सव्वीस वर्षांत तिच्या हातची एक जखम चिघळली नव्हती. हे ती स्वतः सांगायची नाही. पण दुसरं कुणी सांगायला लागलं, तर थांबवायचीही नाही.

फक्त घरच्या माणसाचं तिला काही करता आलं नव्हतं. नवरा त्याच कारखान्यात, दाबयंत्रावर. यंत्रानं उजव्या हाताची तीन बोटं नेली तेव्हा मावशीनं रक्त थांबवलं, पण बोटं थोडीच परत चिकटवता येतात! त्यानंतर त्यानं तो हात सदऱ्याच्या खिशात घातला तो घातलाच. जेवायचा डाव्यानं, दार उघडायचा डाव्यानं. बोलणं तर मोजून चार शब्द.

मग मागच्या भिंतीवरून एक बोका घरात शिरला. काळापांढरा, एक कान फाटका. काम काडीचं नाही आणि दुसरे काम करत असले की समोर बसून टक लावून बघणार. नवऱ्यानंच नाव ठेवलं, मुकादम. हा मुकादम खिशावर डोकं घासायचा. चार दिवस घासलं, आठ दिवस घासलं, शेवटी खिशातून हात निघाला आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याची हनुवटी खाजवू लागला. मावशीनं ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा केला.

त्या रविवारी मुकादम मारामारी करून आला. खांद्यावर दाताचं भोक, भोवती सूज.

"डॉक्टरला दाखवू या का गं?" नवरा म्हणाला.

"घरात डॉक्टर असताना? धरा त्याला नीट."

त्यानं धरलं, दोन्ही हातांनी. मावशीनं केस कापले, जखम धुतली. बोका फिस्कारला तशी तिला दया आली. मुक्या जिवाला झोंबायला नको म्हणून तिनं घरी आणून ठेवलेलं ते दुसरं मलम घेतलं, आणि लावलं ते सढळ हातानं, गड्याच्या तळव्याला लावावं तसं.

कारखान्यातला गडी आपलं मलम चाटत नाही. सव्वीस वर्षांत तशी वेळच आली नव्हती. मुकादमानं पलंगाखाली बसून मान वळवली आणि सगळं चाटूनपुसून साफ केलं. नवरा म्हणाला, "बघ, कसा आवडीनं चाटतोय." दोघं हसलीही.

जेवणं उरकेपर्यंत बोका आडवा झाला. तोंड उघडं, पोट भात्यासारखं वरखाली. टोपलीत घालून दोघांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण अगदी तरुण, मावशीच्या लेकीच्या वयाची. तिनं ओठ वर केला. हिरड्या मातकट तपकिरी.

"याला काही लावलंय? काही खाल्लंय यानं?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मावशीला आपलं कपाट दिसलं, रांगेत उभे गडी दिसले, आणि ही कालची पोर.

"नाही हो," ती म्हणाली. "काही नाही लावलं."

नवऱ्यानं मान खाली घातली.

डॉक्टरणीनं नळीनं प्राणवायू लावला. चावलेल्या जागेचं विष भिनलं का, उंदीर मारायचं औषध खाल्लं का, एकेक पाहत गेली. त्यात वीसेक मिनिटं गेली. मग तिनं रक्त काढलं. सुईतलं रक्त कॉफीसारखं आलं. तिनं ते उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाली, "बधिर करायच्या औषधानं होतं असं. काकू, खरं सांगा."

मावशीनं मलमाचं नाव सांगितलं.

मग धावपळ झाली. खांदा धुतला, इंजेक्शन दिलं. मुकादमानं पाय ताणले आणि तसेच ठेवले.

"माणसाचं मलम मांजराला लावू नये," डॉक्टरीण हात धूत म्हणाली. "मांजर चाटतंच. बधिर करणारं औषध त्याच्या रक्ताला प्राणवायू नेऊ देत नाही. साध्या मलमाचाही भरवसा नाही, एखाद्या मांजराला तेही बाधतं. आणि दाताचं भोक वरून लिंपून बरं होत नाही, घाण आतच राहते." टॉवेल ठेवून ती म्हणाली, "आधी कळलं असतं तर वाचलाच असता असं नाही म्हणत. पण वेळ हातात होता."

मुकादमाला टोपलीतून घरी आणल्यावर शेजारची शिवणवाली विचारायला आली. नवरा मावशीच्या आधी बोलला. "चावलं होतं ना. विष भिनलं अंगात."

"अरेरे! गुणाचा होता हो." शिवणवाली हळहळली. निघता निघता म्हणाली, "वहिनी, आमच्या मनीच्या कानामागे खरचटलंय. तुमचं ते न झोंबणारं बोटभर देता का?"

नवऱ्यानं नजरेनं खुणावलं, संपलं म्हण.

संपलं म्हटलं तर ही दुसरीकडून आणेल. मावशी म्हणाली, "त्यानंच मेला तो. मी लावलं. वर डॉक्टरणीशी खोटंही बोलले."

शिवणवालीचा पुढं केलेला हात हळूच मागं गेला. "मग... काय लावू?"

"काही लावू नका. चाटू देऊ नका. दवाखान्यात न्या, आणि विचारतील ते खरं सांगा."

ती चहाला न थांबता गेली.

"कशाला सांगितलंस?" नवरा म्हणाला. "मी झाकत होतो ना."

"तिथंही झाकलंत तुम्ही. तुम्हाला तोंड नव्हतं?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, हे बोलायला नको होतं. तो उठला, मागच्या दारानं बाहेर गेला आणि डाव्या हातानं माती उकरू लागला. मावशी खुरपं घेऊन शेजारी बसली. त्यानं खुरपं घेतलं नाही. ती दुसऱ्या बाजूनं उकरत राहिली.