रेघेखालचं वाचता आलं पाहिजे

साहेबांनी माझं पेन टिश्यूत धरलं आणि डस्टबिनमध्ये टाकलं. माझ्यासमोर. त्याच पेनाने मी नुकतीच सही केली होती. माझ्या बोटांच्या बेचक्यांतून पाणी येत होतं. कागदावर डाग पडलेला.

"काय खाता हो घरी? कोळंबी-बिळंबी?"

"सर, मी मासळी खात नाही. जन्मात खाल्लेली नाही."

"मग साबण लिहा. रजिस्टर तुमच्याकडेच असतं ना? आणि जरा लांब उभे राहा."

मी लांब उभा राहिलो. डोंबिवली एमआयडीसीतली औषधांची कंपनी, मी तिथला सुपरवायझर. कोणाला काय दुखलं-खुपलं, कशाने, हे प्रथमोपचाराच्या रजिस्टरमध्ये मीच लिहितो. साहेब सांगतील ते.

कुंदाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. ठेकेदाराकडून आलेली. अँटिबायोटिकची पावडर चाळायची. आधी हातांवर पुरळ आलं, मग भेगा पडल्या. आम्ही द्यायचो ते पातळ हातमोजे दुपारपर्यंत फाटायचे. साहेब म्हणाले, "कोळीण ना? मासळीच असणार. लिहा." कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मासळी. एकच शब्द. माझं अक्षर चांगलं आहे. त्याचं कौतुक व्हायचं.

तिने विचारलं होतं, "दादा, मावरा मी दात आल्यापासून खातंय. तवा काय नाय झाला. ही पावडर हातावं घेतली नि झाला. तुमी काय लिवलाव?"

"काही नाही. नियमाचं असतं ते."

नोकरी टिकावी म्हणून तिने मासळी सोडली. नवरा खाडीत जाळं टाकायचा, घरात रोज कालवण रटरटायचं, आणि ही डब्यात बटाटा आणायची. बायका चिडवायच्या, "काय गो कुंदे, माळ घातलीस काय?" तीही हसायची. हात तसेच. रविवारच्या सुट्टीत जरा सुकायचे, सोमवारी दुपारी पुन्हा लाल. हे मला दिसत होतं. दिसत होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.

मग ठेकेदाराने तिला काढलं. मी लिहिलेलं पान दाखवून. "मासळी सोडवत नाही हिला, आम्ही काय करणार?" मी तिथेच उभा होतो.

पुढे एकदा माजिवड्याला दिसली. मासळीची पाटी घेऊन बसलेली. दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या बांधलेल्या. भेगांत खारं पाणी जायला नको म्हणून. मी वळणार, तेवढ्यात तिने हाक मारली.

"दादा, तुमचं हात बरं हायत ना?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. तेव्हा माझे हात धडधाकट होते; पावडर चाळायला मला नंतर उभं केलं. तरी त्या दिवसापासून घास उचलताना, दार लावताना, तो आवाज येतो. बरं हायत ना?

औषधांच्या कंपनीत चूक दुरुस्त करायची एक रीत असते. पान फाडायचं नाही. व्हाइटनर लावायचा नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं, सही, तारीख. नव्या माणसांना हे मीच शिकवतो.

साहेबांनी आज लांब उभं केलं होतं, तिथून मी पुढे झालो. टेबलावरचं साहेबांचं पेन उचललं. ओल्या बोटांनी. रजिस्टरमध्ये कुंदाबाईचं पान उघडलं. मासळीवर एक रेघ. शेजारी लिहिलं, पावडर. सही. आजची तारीख. मग माझ्या नावापुढे. पावडर.

"डोकं ठिकाणावर आहे का? इन्स्पेक्टरने पाहिलं तर?"

"पाहू दे, सर. दोन्ही पानांचे फोटो काढतोय."

साहेबांनी पेन परत मागितलं नाही.

उद्या ठाण्याला जातोय, कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात. नोकरी जाईल. जाऊ दे. पहिला प्रश्न येईल, हे अक्षर कोणाचं?

माझं. रेघेखालचंही माझंच.