लिंबू-मिरचीचं पंक्चर

पक्कडीने तार ओढली आणि तिच्याबरोबर वाळलेल्या मिरचीचं देठ बाहेर आलं. टायरमधून मी आजवर स्क्रू काढलेत, खिळे काढलेत, एकदा छत्रीची काडीही काढली आहे. मिरची पहिल्यांदाच.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझं टायरचं दुकान आहे. त्याआधी मी एका टायर कंपनीत होते. फुटलेला टायर टेबलावर घ्यायचा आणि तो का फुटला ते शोधायचं, हे काम. दुकानात बाई दिसली की नवीन गिऱ्हाईक माझ्या मागे बघत विचारतं, "कोणी आहे का?" मी म्हणते, "आहे ना, मी."

"प्राची, हे काय आहे?" मी देठ तिच्यासमोर धरलं.

प्राची सावंत जवळच राहते. अंधेरीच्या ऑफिसात बसून कोड लिहिते आणि उरलेला वेळ तिच्या छोट्या लाल गाडीचे लाड करते. तिने देठ बघितलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा!"

तिचे बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. लेक रविवारी घाटापलीकडच्या ट्रॅकवर गाडी पळवणार म्हटल्यावर त्यांनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. सिग्नलवर मिळते ती टिकत नाही म्हणून घरी केलेली, चांगल्या जाड तारेत ओवून. शुक्रवारी सकाळी ती सुटून पडली आणि चाक नेमकं तिच्यावरूनच गेलं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. नाव नोंदवायचं, नंबर लागला की हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंद ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. प्राचीचा नंबर याआधी एकदा लागला होता. तेव्हाच बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि तिने तो सोडला. त्यानंतर नंबर लागला तो आत्ता.

मी टायर रिमवरून उतरवला आणि आतून मशरूम पॅच लावला. रस्त्यावर बाहेरूनच भोकात चिकट दोरी खुपसतात आणि मोकळे होतात. मशरूम पॅच अळंबीच्या आकाराचा असतो. दांडा भोकात जातो, टोपी आतून चिकटते. भोक टायरच्या मधोमध होतं, म्हणून दुरुस्त तरी करता आलं. कडेला असतं तर मी टायर फेकून द्यायला सांगितलं असतं.

"झकास! म्हणजे रविवारी चालेल ना?"

"ऑफिसला चालेल. गोव्याला चालेल. ट्रॅकवर नाही."

"ताई, यार! भोक बुजलं ना?"

"भोक बुजलं. पण टायरच्या आत बारीक पोलादी तारांची जाळी असते. मिरचीवाल्या तारेने तिला काय केलंय ते मला दिसत नाही."

"नेटवर लोक म्हणतात, आतून पॅच असेल तर बिनधास्त पळवा."

"पळवतात ना. बहुतेकांचं काही होत नाही. ज्यांचं होतं, त्यांचे टायर माझ्या टेबलावर यायचे."

मी समजावलं. रस्त्यावर आपण जोरात ब्रेक कधीतरीच मारतो. ट्रॅकवर दर वळणाला मारतो, पुन्हा वेग घेतो, पुन्हा मारतो. टायर तापतच जातो, वळणावर पिळवटतो. दुरुस्त केलेल्या टायरच्या वेगाची हमी कंपन्या सहसा देत नाहीत. मग मी कोण देणार?

तिच्या मापाचा आणि बनावटीचा टायर मंगळवारपर्यंत मुंबईत कुठेच मिळेना. मी सगळीकडे फोन केले. प्राची स्टुलावर बसून हेल्मेटचा पट्टा उगाच उघडझाप करत होती. मला फार वाईट वाटलं. क्षणभर 'जा, हळू चालव' असं म्हणावंसंही वाटलं. पण ट्रॅकवर हळू कोण चालवतं?

तेवढ्यात सावंतकाका त्यांची सेडान घेऊन आले. लेकीने फोनवर झापलं असणार. त्यांनी देठ हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"तार जरा जाडच झाली," ते म्हणाले.

"बाबा, आता काही बोलू नका."

"जयसून निघतंस थयच परत येतंस, मग जातंस कित्याक?" काका मालवणीत पुटपुटले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, माझ्या गाडीची चाकां हिका बसतीत?"

मी वाकून दोघांची चाकं बघितली. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या. माप तेच, बोल्ट तेच. काकांचे टायर नवे होते, त्यात एकही पंक्चर नव्हतं. वेगाची मर्यादा टायरच्या बाजूला छापलेली असते, तीही पुरेशी होती. पण चाळीसच्या वर काटा कसा दिसतो हे त्या टायरांना ठाऊक नव्हतं.

"बसतील. पण प्राची, हे साधे टायर आहेत, तुझ्या महागड्या टायरांसारखी पकड नाही. घसरशील, मागे पडशील."

"चालेल!" ती स्टुलावरून उठलीच.

चारही चाकांची अदलाबदल केली, बोल्ट नीट आवळले, हवा बघितली. माझा पॅच काकांच्या गाडीला गेला. भाजी आणायला तो उत्तम होता.

सोमवारी प्राची आली. चेहरा उन्हाने लाल, आवाज बसलेला. "ताई, वाट लागली! प्रत्येक वळणावर टायर किंचाळत होते. माझ्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात शेवटी. आणि काय मजा आली म्हणून सांगू!" हे सांगताना तिला रडू आलं आणि ती हसत सुटली. मलाही भरून आलं.

चाकं परत बदलायची तर काका हवेत. ते येईनात. तिने फोन स्पीकरवर लावला.

"ह्ये टायर मी देवचंय नाय," पलीकडून आवाज आला. "ब्रेक मारल्यार गाडी जाग्यार थांबता गो! वळणार हलणा नाय! आयुष्यभर मी काय चालवलंय?"

"बाबा, ते माझे टायर आहेत!"

"असतीत." मग आवाज खाली आला. "काय गो, त्या ट्रॅकार म्हाताऱ्यांका घेतत काय?"

प्राची माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "काका, घेतात. पण त्यातला एक टायर आधी बदलायचा."

पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर नेऊ नये, हे मी गिऱ्हाइकांना पहिल्यापासून सांगते. हल्ली त्याला एक जोड देते. चांगले टायर वडिलांना दोन दिवसांपुरतेही देऊ नयेत.