भाऊ म्हणून ठेवलेली खुर्ची

"हा ड्रायव्हर आहे, फॅमिली नाही," साहेबाने हॉस्पिटलच्या मॅडमला इंग्रजीत सांगितलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "तू खाली गाडीत बस."

मी उठलो.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत सोफे होते, खजूर होते, टिश्यूचा डबा होता. माणूस जायच्या वाटेला लागला की त्याच्या घरच्यांना तिथे बसवतात. मॅडमचं कामच ते. घरच्यांना धीर द्यायचा, आत न्यायचं, नंतर सावरायचं. युनिफॉर्मने सोफा मळेल म्हणून मी अगदी कडेला टेकलो होतो. साहेबाला तेवढंही खपलं नाही.

आत दत्ताराम मरत होता. इथे आखातात, मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये फिटर. गुहागर तालुक्यातल्या आमच्याच वाडीचा, माझ्या घरापासून चार घरं सोडून. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका टोपातला भात खाल्ला. त्याचं लिव्हर संपलं होतं. विमानाने घरी न्यायचीही वेळ गेली होती.

आणि सुनंदा वहिनीला, त्याच्या बायकोला, यातलं काही माहीत नव्हतं. ताप आहे, उतरतोय, असं मीच सांगत होतो. इथे सगळे असंच करतात. आधी ताप, मग सिरियस, मग खरं काय ते. एकदम धक्का नको म्हणून. कसला डोंबलाचा धक्का! आपल्याला रडणं ऐकवत नाही, एवढंच. पण तेव्हा मला ते शहाणपण वाटत होतं.

आदल्या दिवशी मॅडमने मला वॉर्डबाहेर गाठून हिंदीत समजावलं होतं. डोळे मिटले तरी माणसाला ऐकू येत असतं. बायकोला फोन लावा, फोन त्याच्या कानाशी धरा, तिला बोलू द्या. रात्रभर विचार करून मी ठरवलं, उद्या वहिनीला खरं सांगायचं आणि फोन धरायचा. सकाळी साहेबाला रिफा भागातल्या त्याच्या बंगल्यावरून घेतलं. दत्ताराम त्याच्याच कंपनीचा, म्हणून त्याला हॉस्पिटलात कागदांवर सह्या करायच्या होत्या. तो काउंटरवर थांबला, मी थेट मॅडमकडे वर गेलो. मागून तोही आला आणि 'गाडीत बस' म्हणाला.

मॅडम काहीतरी बोलणार होती. मी थांबलो नाही. लिफ्टने खाली आलो आणि गाडीत बसलो. मला कोणी ढकललं नव्हतं. चौदा वर्षं 'गाडीत बस' ऐकलं की बसायची सवय. एसी लावला. फोन मांडीवर होता. पाऊण तास मी पार्किंगच्या भिंतीकडे बघत होतो. लाज वाटते सांगायला, पण तेच केलं.

साहेब आला, मागे बसला.

"खलास. गेला तो. यल्ला, ऑफिसला चल."

मी गाडी सुरू केली नाही. तो मोबाईलमध्ये बघत सांगत राहिला की घरी आत्ता फक्त सिरियस आहे म्हण. बॉडी गावी पाठवायचे पेपर होईपर्यंत दोन दिवस असंच चालवायचं, नाहीतर गावाहून ऑफिसला फोन सुरू होतात.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हणालो.

"तू कोण ठरवणार?"

"भाऊ आहे मी त्याचा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला उलट बोललो, आणि तेही पाऊण तास उशिरा. गाडीतून उतरलो. तो मागून हाका मारत होता. मी वर गेलो.

मॅडम वॉर्डच्या दाराशीच उभी होती. तिचे डोळे लाल होते.

"कहाँ चले गए थे? उसने फॉर्म में आप का नाम लिखवाया था. भाई. आप के लिए कुर्सी रखी थी."

पलंगाशेजारी खुर्ची होती. रिकामी. दत्तारामच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

मी तिथेच बसून वहिनीला फोन लावला.

"भावजी, ह्यांचा ताप उतरला काय?"

मी सगळं सांगितलं. ताप कधी नव्हताच, हेही सांगितलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "शेवटाला जवळ कोण होतं?"

मी होतो, असं म्हणता आलं असतं. तिला आधार झाला असता. मलाही.

"नर्स होती, वहिनी. आपलं कोणी नव्हतं. मी खाली गाडीत होतो."

तिने फोन ठेवला. त्यानंतर आजपर्यंत उचललेला नाही. उचलावा असं माझं म्हणणंही नाही.

नोकरी टिकली. दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत टिकेल. आमच्या खोलीत आता सात जण आहेत. प्रत्येकाला बजावलंय, आजारी पडलात तर फॉर्मवर भाऊ म्हणून माझं नाव घाला, आणि घरी मी पहिल्या दिवशीच खरं सांगणार. रडू दे घरच्यांना, पण बोलायला वेळ मिळू दे. साहेबाला मला आत सोडायचं नसेल तर सिक्युरिटी बोलवू दे, दंडाला धरून ओढत बाहेर नेऊ दे. स्वतःच्या पायांनी मी आता बाहेर जाणार नाही.