भट्टीतलं हळदीकुंकू

आता काय सांगू तुम्हाला… बिबवेवाडी नावाच्या नगरात, तिसऱ्या मजल्यावर तिघं जण नांदत होते. सून मेधा, हुशार. मुलगा नितीन, गरीब. आणि सासू मी. घोळ कुणी घातला ते ओळखलंच असेल.

मेधा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हिलाही घरी बसवलं. पण बसेल ती कसली? तिनं काच वितळवायची विजेची भट्टी आणून गॅलरीत ठेवली. धान्याच्या डब्याएवढी, वर झाकण. मी स्टूल टाकून शेजारीच बसले.

"यात करायचं काय गं?"

"एका काचेवर दुसऱ्या रंगाचे तुकडे मांडायचे, आई. खूप तापलं की एकमेकांत मिसळून एकच काच होते."

"डिंक लावतेस?"

"नाही."

"मग शिजली हे कळतं कसं? टोचून बघतेस?"

"अहो आई, ढोकळा नाहीये तो. आणि थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, तडकते."

लगेच तिला पहिली ऑर्डर मिळाली. तिच्या जुन्या कंपनीतल्या श्वेताला परदेशी पाहुण्यांना द्यायला कपाखाली ठेवायच्या आठ चकत्या हव्या होत्या. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीचंही बोलावणं आलं, सोमवारी उत्तर द्यायचं. चकत्या नीट निघाल्या तर भट्टी, नाहीतर परत खराडी, असं तिनं ठरवलेलं. मला भट्टीच हवी होती. कंपनीत असताना पोर माझ्याशी आठवड्यातून चार वाक्यं बोलायची, त्यातली दोन कुकरच्या शिट्ट्यांबद्दल.

शनिवारी सकाळी तिनं प्रत्येक काच स्पिरिटनं पुसली, हातमोजे घालून भट्टीत मांडली, झाकण लावलं आणि आंघोळीला गेली. आल्यावर बटण दाबणार होती.

आता मला सांगा, घरात नवी वस्तू आली आणि तिला हळदीकुंकू नाही, असं कधी झालंय? स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं, नितीनच्या कॉम्प्युटरलाही लावलं. मी करंडा आणला, भट्टीला बोटं ओढली. मग म्हटलं, काम तर आतल्या काचा करणार. झाकण उघडलं. भट्टी थंडच होती, म्हणजे मेधाचा नियम काही मोडला नाही. काचेवर कुंकू टिकेना, म्हणून आधी तेलाचा अंगठा टेकवला, त्यावर हळद, मग कुंकू. एकीला लावून सातजणींना तसंच ठेवणं बरं दिसतं का? आठीजणींना लावलं. झाकण बंद, करंडा देवघरात, मी स्टुलावर.

रविवारी सकाळी मेधानं झाकण उघडलं आणि तिथंच बसली. निळ्याशार आठ चकत्या, आणि प्रत्येकीच्या मधोमध लंबगोल पांढुरका डाग. कुंकवाचा लाल रंग कुठल्या कुठे गेलेला. त्यामुळे मलाही ओळखू येईना, देवाशपथ.

मेधानं काचवाल्याला फोन लावून झापलं. नितीननं विजेचा दाब मोजला. मीही मागे नव्हते.

"खालच्या मजल्यावरच्यांनी काल मिरच्या भाजल्या होत्या," मी म्हटलं. "धूर आला असेल."

"धूर आठ ठिकाणी मोजून बसला का?" मेधा म्हणाली. "जाऊ दे. उद्या त्या कंपनीला हो म्हणून कळवते."

तेवढ्यात नितीननं भिंग आणलं. एक चकती उजेडात धरली. दुसरी धरली. मग माझ्याकडे बघत बसला.

"आई, अंगठा दाखव."

"कशाला?"

"यात रेघा आहेत. आणि मधून आडवी चीर. विळीवर कापलेला तुझा अंगठा मी बँकेच्या जुन्या कागदांवर इतकी वर्षं बघितलाय."

मी अंगठा पदरात लपवला. पुरावा आठ ठिकाणी पडलेला, लपवून उपयोग काय? सगळं सांगून टाकलं. मेधा रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसतं म्हणाली, "निदान कुंकवाला तरी मोजे घालायचे, आई."

अकराला श्वेता आली. मेधानं चकत्या पुढे केल्या. श्वेतानं एक उचलली, फिरवली, डोळ्यांजवळ नेली.

"हा रिअल थंबप्रिंट आहे? कुणाचा?"

मी पदरातून अंगठा बाहेर काढला.

"वॉव, आजी! हे मशीनमधून येणारच नाही. मेधा, पुढच्या चाळीसवर पण हेच हवं. आजींचाच."

मेधानं सोमवारी फोन केला, पण नाही म्हणून सांगायला. आता गॅलरीत दोन भट्ट्या आहेत, हाताखाली दोघी जणी आहेत, आणि घरात दिवसभर बोलणं चालतं. माझ्या पुडींच्या बरण्या वेगळ्या ठेवल्यात. काचेवर कोणती पूड किती लावायची ते मेधा सांगते, मी अंगठा टेकवते.

एकच नाजूक गोष्ट आहे. साठाव्या वर्षी मी प्रौढ वर्गात जाऊन सही शिकले. पेढे वाटले होते. जन्मात पुन्हा कुठे अंगठा लावणार नाही, अशी सगळ्यांसमोर शपथही घेतली होती. त्या वर्गाच्या बाई आमच्याच गल्लीत राहतात. परवा मेधाकडून सहा चकत्या घेऊन गेल्या. डिझाइन फार आवडलं म्हणाल्या.

तेवढं त्यांना भिंग देऊ नका.