फिनलंडच्या बर्फात कापडी बूट

मंडळी, दुपारपासून नुसती किळस येतेय.

इथे कुवेतमध्येच, फिंतासला एका मराठी कुटुंबाकडे गेले होते. नाताळच्या सुट्टीत ते फिनलंडला जाऊन आले, त्याचे व्हिडिओ बघायला. मुलांना सांभाळायला घरकामाच्या मंदाताईंनाही नेलं होतं.

एका व्हिडिओत सगळे जाडजूड जॅकेटात, आणि मंदाताई साध्या स्वेटरवर, कापडी बुटांत, थंडीने रडतायत. मागून त्या घरच्या वहिनींचा आवाज, "मंदा, नाच की, गरम वाटेल!"

व्हिडिओ बघताना सगळे हसले. मंदाताई तेव्हा आम्हालाच चहा देत होत्या.

मी विचारलं, "वहिनी, यांना जॅकेट नाही घेतलंत?"

"अगं, आठवड्यासाठी कशाला? कुवेतमध्ये कुठे घालणार ती?"

मी तिथून उठले. नवरा म्हणतो, उगाच संबंध बिघडवलेस.

तुम्ही अशा घरी पुन्हा पाय ठेवाल?