दुपारचं ताट

"पोरीला दोन घास जास्त घातले, विष नाही घातलं!" सासूबाईंनी पातेलं ओट्यावर आदळलं.

"दोन घास? अख्खं ताट, आई. वर तोंड पुसून शिकवलंत, आईला कळू देऊ नकोस, रात्री पुन्हा जेव," नर्सबाई सासूबाईंना म्हणाल्या.

नवऱ्यानं पेपर थोडा वर धरला.

नर्सबाईंना हे सकाळी शाळेत कळलं. आरोग्य केंद्राकडून त्या मुलांची वजनं घ्यायला जात. पोरानं काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, मग सहज विचारायचं, काल काय काय खाल्लंस? स्वतःच्या मुलीला त्यांनी मुद्दाम सोबतच्या नर्सच्या रांगेत लावलं होतं. पोरीनं सरळ सांगून टाकलं. शाळेतून आल्यावर भात, मग लोणी-साखर लावलेला पाव, बिस्किटं. "रात्री परत जेवते. पोट दुखतं, पण नाही जेवले तर आईला कळेल. मग आजी रुसेल."

शेजारच्या टेबलावर नर्सबाईंचा हात थांबला. पोटदुखीवर त्याच तर पोरीला रोज औषध पाजत होत्या.

खाऊ घातलं याचा राग एक वेळ त्यांनी गिळला असता. पण याच सासूबाई फाटकात उभ्या राहून शेजारणींना सांगायच्या, "जगाची पोरं बारीक करायला निघालीय, घरची बघा. दिव्याखाली अंधार!" आणि पोर तिथंच फ्रॉक खाली ओढत उभी असायची.

केंद्रात येणाऱ्या आयांना नर्सबाई बजावायच्या, आजीशी भांडू नका, तिला आपल्या बाजूला घ्या. तो सल्ला आज त्या चपलांबरोबर बाहेरच काढून आल्या होत्या.

"मी काय तिची वैरीण आहे?" सासूबाईंचा आवाज फुटला. "दुपारभर या घरात माझ्याशी बोलायला दुसरं असतं कोण?"

"कुणी नसतं," नर्सबाई म्हणाल्या. घाव कुठं बसेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"अगं, जाऊ दे ना," नवरा पेपराआडून बोलला. "आई नाही देणार आता."

"तुम्ही वाचा."

त्यांनी पदर खोचला, पातेलं उचलून जागेवर ठेवलं आणि दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "सोमवारपासून ती शाळेतून थेट केंद्रात येईल, माझ्याकडे. संध्याकाळी माझ्याबरोबरच घरी. दुपारी कुणी तिची वाट बघायची नाही."